आकाशातील वीज आणि तारेतील वीज

मराठीत आकाशात चमकते तीही वीज आणि तारेतून घरात येते तीही वीज. नित्याच्या बोलण्यात त्यामुळे अडचण होत नाही. परंतु मे महिन्याच्या अखेरीस वळीव कोसळतो, पहिली वीज कडाडते आणि दुसरी जाते, तेव्हा या दोघींचे नाते समजून घेणे अगत्याचे ठरते. घोटाळा नको म्हणून या लेखापुरते आकाशातील विजेला तडित म्हणू.

विद्यार्थी मित्रहो, आपला ठाणे-कल्याणचा पट्टा उच्चदाब वाहिन्यांचा चव्हाटाच आहे. ठाकुर्लीच्या चोळा वीजगृहातून एके काळी रेल्वेला वीज मिळत असे. भिवंडी तालुक्यातील पडघे येथे चंद्रपूरहून सुमारे 750 किलोमीटरचा प्रवास करून 500 केव्ही एकदिश प्रवाहाची वाहिनी येते. ती 1999 पासून कार्यरत आहे. पडघ्याहून 400 केव्हीच्या वाहिन्या कळव्याकडे जातात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी या कळवा-पडघा वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील फार मोठ्या भागाचा पुरवठा काही तास खंडित झाला. त्या दिवशी दोष तडितेचा नव्हता. पण चार तारांवर किती संसार अवलंबून असतात, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

आता तडितेकडे वळू. तिच्या एका आघातात सर्वसाधारणपणे 30 हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो, आणि तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात शिखर गाठतो. तिला अडवणारे यंत्र मनुष्याने अद्याप निर्माण केलेले नाही. आपण करतो ते एवढेच, की तिला जमिनीत उतरण्यासाठी जवळची आणि सोपी वाट करून देतो. मनोऱ्यांच्या माथ्यावरून जाणारी, वीज वाहून न नेणारी बारीक तार तुम्ही पाहिली असेल. ती अर्थ वायर. खालच्या तारांवर येणारा आघात ती छत्रीसारखी स्वतःवर घेते.

मात्र छत्रीवर पडलेले पाणी कोठेतरी वाहून जावे लागते. मनोऱ्याच्या पायथ्याशी जमीन प्रवाहाला जो विरोध करते, त्याला भूरोध म्हणतात. तो 10 ओहमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. का, ते साध्या गुणाकाराने कळेल. 30 हजार अँपिअरचा सर्व प्रवाह एकाच मनोऱ्यातून उतरला असे धरा. भूरोध 10 ओहम असेल, तर मनोरा क्षणभर 3 लक्ष व्होल्टवर चढेल. तोच 100 ओहम असेल, तर 30 लक्ष व्होल्टवर! 220 केव्ही वाहिनीचे इन्सुलेटर साधारणतः 10 लक्ष व्होल्टचा क्षणिक आघात सोसतात. म्हणजे पहिल्या स्थितीत काहीच बिघडत नाही. दुसऱ्या स्थितीत मनोऱ्यावरून तारेकडे उलटी ठिणगी उडते, आणि छत्रीने झेललेली तडित मागच्या दाराने वाहिनीत शिरते.

आपल्या भूमीचा पेच येथेच आहे. कळवा-मुंब्र्याच्या खाडीकाठची खारट, ओली माती प्रवाहाला सहज वाट देते. परंतु मलंगगडाच्या दिशेने चढू लागलो की काळा पाषाण लागतो आणि त्यावर वीतभर माती. मे महिन्यात ती माती भेगाळते, भूरोध कमाल होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाची गडगडाटी वादळे येतात. जुलैत चिंब भिजलेल्या जमिनीवर घेतलेले मापन उत्तम दिसते. मला ते फारसे उपयोगाचे वाटत नाही. खडकाळ जागी मनोऱ्याच्या पायांपासून चहूकडे जस्तलेपित तारा लांबवर पुरतात, ते याच कारणासाठी.

वाहिनीत शिरलेली लाट रोहित्रापर्यंत येते. तेथे तिला अरेस्टर भेटतो. वायरमन त्याला 'एलए' म्हणतात. नावाचा अर्थ अटक करणारा. प्रत्यक्षात तो अटक करीत नाही, द्वार उघडतो. त्यातील झिंक ऑक्साइडच्या चकत्या नेहमीच्या दाबाला जवळजवळ काहीच वाहू देत नाहीत. दाब मर्यादेपलीकडे गेला की त्या क्षणार्धात वाहक बनतात आणि लाट ओसरताच पूर्ववत होतात.

डोंबिवलीच्या औद्योगिक परिसरातील एका कारखान्यात रोहित्र जळाल्यावर मी पाहावयास गेलो होतो. अरेस्टर शाबूत होता. त्याची जमिनीकडे जाणारी तार मात्र दोरखंडासारखी वेटोळी करून सुबक बांधलेली होती. "नीटनेटके दिसते, साहेब," असे उत्तर मिळाले. तडितेसारख्या वेगवान प्रवाहाला सरळ तारेचा प्रत्येक मीटरसुद्धा सुमारे 10 हजार व्होल्टचा अडथळा ठरू शकतो. वेटोळी त्यात भर घालतात. 22 केव्ही वर्गाचे रोहित्र 125 हजार व्होल्टचा आघात सोसते. अरेस्टरने दाब 70 हजारांवर रोखला आणि तार 5 मीटरची निघाली, तर रोहित्रावर 120 हजार येतात! म्हणून अरेस्टर रोहित्राला अगदी लगटून बसवावा, आणि तार आखूड व सरळ असावी. त्याची अर्थिंग रोहित्राच्या टाकीशीही जोडलेली हवी.

सर्वच लाटा आकाशातून येत नाहीत. लांब वाहिनी चालू-बंद करतानाही दाब उसळतो, आणि 400 केव्ही व त्यापुढील यंत्रणेत अभियंत्याला तडितेपेक्षा याचीच चिंता अधिक असते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रस्त्याकडेच्या डीपीवर तीन अरेस्टर आणि तेथून खाली उतरणारी पट्टी दुरूनच दिसेल. ढग गडगडत असताना मात्र तिच्याजवळ मुळीच उभे राहू नका. तडित उतरते तेव्हा पायाखालच्या जमिनीवरही दाब पसरतो आणि दोन पावलांमधील अंतर पुरेसे घातक ठरते. ती पट्टी जमिनीत नीट रुजली आहे की मध्येच गंजून तुटली आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ते अर्थ टेस्टर सांगतो, आणि त्याची नोंद घेण्याचा योग्य काळ एप्रिल-मे, पहिल्या वळवाच्या आधीचा.