तापात माणूस बरळला, तर

सूनबाई, आपल्या भिलाईच्या खुर्सीपारात कुणाला ताप भरला की दारोदारचे सल्ले येतात. ते सगळे ऐक, पण मेंदूज्वराच्या बाबतीत माझं एवढं ध्यानात ठेव.

तापाच्या आकड्यापेक्षा वागणं बघ. साध्या तापातलं लेकरू पॅरासिटॅमॉलने अंग निवलं की डोळे उघडतं, पाणी मागतं. अंग निवूनही ते गुंगीतच असेल, आईला ओळखत नसेल, सारखं ओकत असेल किंवा आकडी आली असेल, तर दुखणं मेंदूकडे गेलं असं धरून चाल. मोठ्यांचंही तसंच. एरवी शांत असलेला माणूस तापात अचानक शिव्या देऊ लागला, त्याला साधे शब्द सापडेनात, तर बैगाकडे झाडफूक करायला नेऊ नकोस. ती बाहेरची बाधा नसते.

आकडी आली तर कुशीवर वळव, गळ्याशी घट्ट असेल ते सैल कर आणि घड्याळ बघ. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नकोस. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नकोस. 108 ला फोन लाव. पोराला ॲस्पिरिन तर कधीच देऊ नकोस.

जिथे मेंदूचा स्कॅन आणि अतिदक्षता विभाग आहे तिथेच ने. भिलाईचं सेक्टर 9 चं रुग्णालय आहे, रायपूरचं एम्स आहे. श्वास अडखळत असेल तर मात्र आधी जवळचं गाठ. मलेरियाची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी झाली का, ते विचार. आपल्या छत्तीसगडात मेंदूचा मलेरियाही हुबेहूब असाच दिसतो.

पाठीतलं पाणी काढायला नाही म्हणू नकोस. त्याने पाय जातात ही नुसती भीती. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली सुई घालतात. जंतू आहे, क्षय आहे की विषाणू, ते त्या पाण्यावरून कळतं.

औषध लवकर, आणि पुरतं. ओठाला फोड आणणारा हर्पीस कधीकधी मेंदूत शिरतो. औषध नव्हतं तेव्हा अशा 100 जणांतले 70 दगावायचे. आता असायक्लोव्हिर आहे. ते दर 8 तासांनी शिरेतून, 14 ते 21 दिवस द्यावं लागतं. रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टर ते सुरू करतात, कारण उशीर झाला की मेंदूचं गेलेलं परत येत नाही. पेशंट उठून बसला म्हणून मधेच सुट्टी मागू नकोस. बाकीच्या बहुतेक विषाणूंवर नेमकं औषध नाही. तिथे आकडी, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणं हाच उपचार.

गावाकडे गेलीस तर भिंती बघ. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. गावाचंच नाव त्याला पडलं. 2003 मध्ये आंध्रात आणि विदर्भात, 2024 मध्ये गुजरातेत त्याने लेकरं नेली, कित्येक तर दिवस-दोन दिवसांत. तो वाळूमाशीच्या चाव्यातून येतो आणि ती भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते. भेगा लिंपून घे, शेण-कचरा घरापासून लांब ठेव, लेकरांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजव. धानाच्या बांधीत वाढणारा डास जपानी मेंदूज्वर आणतो. तो डुकरं आणि बगळ्यांकडून विषाणू उचलतो आणि संध्याकाळनंतर चावतो. जपानी मेंदूज्वराची लस जिथे सरकारी यादीत आहे, तिथे 9 महिन्यांना आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत देतात. अंगणवाडीत विचारून घे. गोवराची लसही चुकवू नकोस. कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी सुई घे. रेबीज एकदा मेंदूत पोचला की इलाज नाही.

घरी आल्यावरही दुखणं संपत नाही. विसरभोळेपणा, चिडचिड, पुन्हा आकडी, हे महिनोन्महिने चालतं. आकडीच्या गोळ्या मनाने बंद करू नकोस आणि पोराला आळशी म्हणून रागावू नकोस.

ताप आणि बदललेलं वागणं एकत्र दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. त्याच घटकेला निघायचं.