काचेवरचा संशयित

रीफ टँकच्या काचेवर एखाद्या सकाळी नखाएवढा, राखाडी-पांढुरका तारामासा दिसतो आणि टाकीच्या मालकाला दोन प्रश्न पडतात. हा आला कुठून? आणि हा खातो काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जीवजंतू वसलेल्या दगडाच्या, भोकात दडून किंवा नव्या कोरलच्या फ्रॅगखाली (तुकड्याखाली) चिकटून तो फुकटात आलेला असतो. दुसऱ्या प्रश्नासाठी माणूस दुकानात जातो आणि तिथून करमणूक सुरू होते. एका काउंटरवर सांगतात, "राहू द्या, शेवाळ खातो बिचारा." दुसऱ्या काउंटरवर तोच फोटो पाहून सांगतात, "आजच काढा, नाहीतर एक कोरल शिल्लक राहणार नाही." दोन्ही दुकानदार वर्षानुवर्षं याच धंद्यात असतात, आणि आपण खरं तेच सांगतोय याची दोघांनाही खात्री असते.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका पुणेकर गृहस्थांना हे दोन्ही सल्ले मिळाले. बेसमेंटमध्ये त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि त्यांचा जीव झोअँथिड्सवर आहे. दिवे लागले की शर्टाच्या बटणाएवढी रंगीत तोंडं उघडणारी ही वसाहत. त्यातला हिरव्या-केशरी रंगाचा एक गुच्छ हळूहळू मिटायला लागला. पाहावं तर त्याच्यावर तारामासे बसलेले! आरोपी जागेवरच सापडला म्हटल्यावर चौकशी कोण करतो?

या आरोपीची थोडी ओळख करून घ्यायला हवी. टाकीवाले त्याला सरसकट 'ॲस्टरिना' म्हणतात. 2004 मध्ये ओ'लॉफलिन आणि वॉटर्स या संशोधकांनी या गटाची फेरमांडणी केली, तेव्हा त्यातल्या अनेक जाती ॲक्विलोनास्ट्रा या नव्या प्रजातीत गेल्या. म्हणजे दुकानातल्या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या जाती नांदतात आणि त्यांच्या खाण्याच्या सवयी सारख्याच असतील असं नाही. बहुतेक जणांचं पोट काचेवरच्या आणि दगडावरच्या शेवाळाच्या पातळ थरावर, जिवाणूंच्या बुळबुळीत सायीवर भरतं. काही जण दगडावरचं जांभळं कोरलाइन शेवाळ खातात आणि मागे पांढरे ठसे सोडतात. झोअँथिड खाणारेही आढळल्याचं जुने टाकीवाले सांगतात, आणि ते थापा मारतात असं म्हणायला जागा नाही. दोन्ही दुकानदारांचं म्हणणं अर्धं-अर्धं खरं ठरतं ते यामुळे. 'पांढरे निरुपद्रवी, रंगीत वाईट' हा काउंटरवरचा लाडका नियम मात्र भरवशाचा नाही. नुसत्या रंगावरून जात ठरत नाही.

तो काचेवर असताना भिंग लावून बघावं. हात कधी पाच, कधी सहा-सात. दोन-तीन लांब, बाकीचे बोटाच्या पेरासारखे आखूड. हा प्राणी स्वतःला मधोमध फाडून एकाचे दोन करतो आणि मग प्रत्येक अर्ध्याला नवे हात फुटतात, म्हणून हे वेडंवाकडं रूप. खालच्या बाजूला हातांच्या खाचेतून नळीसारखे बारीक पाय हलत असतात आणि मध्यावर अधूनमधून धुरकट पापुद्रा काचेला टेकलेला दिसतो. ते त्याचं पोट. पोट तोंडातून बाहेर काढून, खायच्या गोष्टीवर पसरून तो ती तिथल्या तिथे पचवतो. त्यामुळे तारामासा कोरलवर 'बसलेला' आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मरू लागलेल्या कोरलवर जिवाणूंची साय साचते आणि ती चाटायला तो आलेला असू शकतो.

न्यू जर्सीच्या दुकानात हा मुद्दा कुणी काढला नाही. तिथे ग्रेट बॅरियर रीफचा दाखला मिळाला: तारामाशांनी ऑस्ट्रेलियाचे प्रवाळ खाल्ले, तुमच्या टाकीची काय कथा! दाखला खोटा नव्हता. 1985 ते 2012 या काळात त्या रीफवरचं प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं आणि त्या नुकसानातला 42 टक्के वाटा 'क्राउन ऑफ थॉर्न्स' या तारामाशाचा होता, असं तिथल्या सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मांडलं आहे. पण तो प्राणी सहज 25 ते 35 सेंटिमीटर रुंद, विषारी काट्यांचा, वीसेक हातांचा असू शकतो. त्याला मारायला पाणबुडे एकेकाला गाठून पित्ताचे क्षार किंवा व्हिनेगर टोचतात. नखाएवढ्या ॲस्टरिनाशी त्याचं नातं आहे ते वाघ आणि मांजराचं. भीती दाखवण्यापुरता दाखला बरोबर, निदानासाठी निरुपयोगी.

भीतीपाठोपाठ उपाय आलाच: हार्लेक्विन कोळंबीची जोडी. दिसायला देखणी, पांढऱ्या अंगावर जांभळट-निळसर ठिपके. नर-मादी मिळून तारामाशाला उलटं करतात आणि चिमट्यांनी त्याचे पाय खुडून खातात. काम चोख झालं, काचेवरचे तारामासे दिसेनासे झाले. मग जोडी उपाशी पडली, कारण ही कोळंबी तारामाशांखेरीज जवळपास काहीच खात नाही. फ्लेक्स नाही, पेलेट नाही, गोठवलेलं खाद्य नाही. आता त्याच दुकानातून 'चॉकलेट चिप' तारामासे विकत आणून तिला घालायचे! बायकोने विचारलं, "अहो, रोग गेला ना? मग औषधाला का पोसतोय आपण?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आणि हा चॉकलेट चिप स्वतः कोरल आणि स्पंज खाणारा, म्हणजे जिवंत राहिला तर तोही टाकीत मोकळा सोडायच्या लायकीचा नाही.

एवढं होऊनही झोअँथिड्सचा गुच्छ मिटलेलाच. शेवटी एका रात्री दिवे बंद झाल्यावर गृहस्थ लाल टॉर्च घेऊन टाकीसमोर बसले. (लाल उजेडाने निशाचर प्राणी सहसा बिचकत नाहीत.) गुच्छाच्या बुडाशी एक चपटा, गोल, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा शंख सावकाश सरकत होता. सनडायल गोगलगाय. ती झोअँथिड खाते आणि दिवसा त्यांच्याच मुळाशी दडून राहते. चिमट्याने ती एवढीशी गोगलगाय उचलली आणि प्रश्न मिटला. या कामात हार्लेक्विनचा काडीचा उपयोग नव्हता.

दुकानदाराचा सल्ला तोलायचा तो या पार्श्वभूमीवर. माझ्या मते तो काय सांगतो यापेक्षा आधी काय विचारतो हे ऐकावं. तारामासा कशावर दिसतो, काचेवर की कोरलवर? दिवसा की रात्री? तो हलल्यावर खालचं मांस गेलेलं असतं की कोरल पुन्हा उघडतं? खारटपणा किती, अल्कलिनिटी शेवटची कधी मोजली, दिवे बदललेत का? फोटोवर ओझरती नजर टाकून हात थेट फडताळाकडे गेला, की तो सल्ला विक्रीतला धरावा. दुसरी कसोटी उपायाची. जो प्राणी उपाय म्हणून विकला जातोय तो काम संपल्यावर काय खाईल, हे विचारावं. "काहीतरी मिळतंच त्याला" हे उत्तर नव्हे. वाळू साफ करणारा म्हणून विकला जाणारा तारामासा वाळूतले बारीक जीव संपवून छोट्या टाकीत काही महिन्यांत उपासमारीने मरतो. त्याला घेतानाही हाच प्रश्न विचारावा.

संशय उरलाच तर त्याची चाचणी घरी करता येते. दोन-चार संशयित आणि झोअँथिडचा एक छोटा फ्रॅग वेगळ्या भांड्यात ठेवायचे, शेजारी तसाच फ्रॅग तारामाशांशिवाय, आणि काही दिवस बघायचं. खात असतील तर हाताने किंवा बारीक नळीने ओढून काढावेत, कंटाळवाणं असलं तरी. टाकीत चिरडू किंवा कापू नयेत. स्वतःला फाडून वाढणाऱ्या प्राण्याशी तो खेळ नको. आणि खाणं कमी टाकावं. तारामाशांचा सुळसुळाट झाला म्हणजे त्यांना भरपूर मिळतंय. तांब्याचं औषध घालायचा सल्ला मिळाला तर सरळ दुकानाबाहेर पडावं. तांब्याने कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळंच मरतं आणि तांबं दगडात मुरून राहतं.

'दगड उकळून घ्या' हा सल्ला मात्र माणसाच्या जिवावर उठू शकतो. अनेक झोअँथिड्समध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं; हवाईतल्या अशाच एका प्राण्यातून ते वेगळं केल्याची नोंद 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 2007 मध्ये एका हौशी माणसाने नको असलेल्या झोअँथिड्सवर उकळतं पाणी वापरलं आणि वाफ श्वासातून गेल्याने त्याला श्वासाचा गंभीर त्रास झाला. पुढे संशोधकांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या नमुन्यांतही हे विष असल्याचं दाखवलं. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हेंटन गावात टाकीतलं कोरल काढताना घरातली माणसं आजारी पडली आणि मदतीला आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. असा दगड उकळू नये, कोरडा घासू नये. हात लावायचाच तर हातमोजे आणि चष्मा घालूनच.

मुंबई-पुण्यात हा छंद करणाऱ्यांना आणखी एक चौकशी करावी लागते. टणक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा तुकडा कुठून आला, कागद आहेत का, हे न विचारता पिशवीत घालू नये. कोरडा, माणसाने बनवलेला दगड महिनोन्‌महिने बेजान दिसतो, पण त्यात तारामासाही नसतो आणि गोगलगायही.

न्यू जर्सीच्या गृहस्थांनी हार्लेक्विनची जोडी ओळखीतल्या एका टाकीवाल्याला देऊन टाकली. त्याच्या काचेवर तारामाशांची दाटी आहे आणि ते कोरल खाताना त्याने स्वतः पाहिलेत. तिथला साठा संपत आला की जोडी पुढे कुणाकडे जायची, हेही आधीच ठरलं आहे.