वनस्पतिजन्य आहार आणि पर्यावरणस्नेही कुटुंब

कुटुंबाने काय खावे हा वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न होय. परंतु ताटात येणाऱ्या प्रत्येक पदार्थामागे जमीन, पाणी, जळण आणि मनुष्यश्रम यांचा हिशेब असतो. 2012-13 आणि 2018-19 या दुष्काळी वर्षांत राज्यातील अनेक तालुक्यांत माणसांसाठी पाण्याचे टँकर आणि जनावरांसाठी चारा छावण्या एकाच वेळी चालवाव्या लागल्या. अशा प्रदेशात रोजच्या आहाराचा विचार निसर्गाच्या मर्यादा लक्षात घेऊनच करावयास हवा. या दृष्टीने निव्वळ वनस्पतिजन्य आहाराची कल्पना अभ्यासण्याजोगी आहे.

संकल्पना व तिची मर्यादा

आपल्याकडे शाकाहारात दूध, दही, ताक व तूप यांचा समावेश होतो. 1944 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘व्हिगन’ चळवळीने मात्र दूध, अंडी, मध यांसह प्राण्यांपासून मिळणारे सर्वच पदार्थ वर्ज्य मानले. लोकर, रेशीम व कातडे यांनाही तिने हाच नियम लावला. भारतात अशा खाद्यपदार्थांसाठी 2022 मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले असून त्यांच्या वेष्टनावर वेगळे चिन्ह असते.

चळवळीचे हे नाव रूढ होण्यापूर्वीच हा प्रयोग भारतीयांच्या परिचयाचा झाला होता. महात्मा गांधींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. 1918 मध्ये त्यांना दीर्घ आजाराने गाठले. प्रकृती सुधारेना आणि दुधाशिवाय ताकद येणार नाही, असा वैद्यकीय सल्ला मिळाला. तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली. या तडजोडीची खंत त्यांनी आत्मकथेत नोंदविली आहे. ब-12 हे जीवनसत्त्व 1948 मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. तोवर त्याचे ज्ञान कोणालाच नव्हते. आज ते आहे. म्हणून असा आहार स्वीकारताना निष्ठेला पोषणशास्त्राची जोड देणे शक्य झाले आहे आणि ती देणे आवश्यकही आहे.

मराठी स्वयंपाकघराची पूर्वतयारी

महाराष्ट्राच्या ग्रामीण स्वयंपाकाचा पाया मुळातच वनस्पतिजन्य आहे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि पिठले, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची आमटी, अंबाडीची भाजी, तीळ, जवस व कारळ्याच्या चटण्या यांत दुधाचा अंशही नसतो. कोकणातील सोलकढी नारळाच्या दुधावर होते. खानदेशात ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. या शेवटच्या पदार्थात आहारशास्त्राचे एक तत्त्व सामावलेले आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे अमायनो आम्ल कमी असते, तर डाळींच्या प्रथिनांत मेथिओनीन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते.

एका प्रौढाच्या दिवसभराच्या आहाराचा हिशेब मांडून पाहता येईल. 300 ग्रॅम ज्वारीतून सुमारे 30 ग्रॅम, 80 ग्रॅम डाळी व कडधान्यांतून सुमारे 17 ग्रॅम आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे 7 ग्रॅम, अशी एकंदर 54 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये 65 किलो वजनाच्या पुरुषासाठी दररोज 54 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. अर्थात हा मेळ तेव्हाच बसतो, जेव्हा ताटात डाळ खरोखरच पुरेशी असते. भाकरीबरोबर केवळ मिरची किंवा पातळ कालवण असेल, तर तो वनस्पतिजन्य आहार नसून अपुरा आहार ठरतो.

दक्षतेच्या बाबी

दूध वगळणाऱ्या कुटुंबाने कॅल्शियमकडे लक्ष पुरविले पाहिजे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे 120 मिलिग्रॅम असते. तथापि नाचणीतील काही घटक कॅल्शियमच्या शोषणास अडथळा करतात. नाचणीला मोड आणल्यास हा दोष कमी होतो. नाचणीचे सत्त्व करण्याच्या जुन्या रीतीचे महत्त्व यात आहे. तीळ आणि राजगिऱ्याची पाने हेही कॅल्शियमचे चांगले स्रोत होत.

लोहासाठी बाजरी, अहळीव व हिरव्या पालेभाज्या उपयुक्त ठरतात. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते. गर्भवती स्त्रिया व किशोरवयीन मुली यांच्या बाबतीत ही साधी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

ब-12 जीवनसत्त्वाबाबत मात्र स्वयंपाकघरात उपाय नाही. ते वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. त्याच्या दीर्घकालीन अभावामुळे रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जासंस्थेस कायमची इजा होऊ शकते. संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या गोळ्या किंवा हे जीवनसत्त्व मिसळलेले अन्न नियमित घेतले पाहिजे. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे आणि पूरक आहाराबरोबर ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. सोयाबीनचे किंवा नारळाचे दूध हा तान्ह्या बाळासाठी आईच्या दुधाचा पर्याय नव्हे. लहान मुलांच्या आहारातून दूध व अंडी काढण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कुपोषणाचा धोका असलेल्या घरांना असा त्याग सुचविणे तर सर्वथा अनुचित होय.

दूध, चारा आणि जमीन

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये केलेल्या अंदाजानुसार, मानवी व्यवहारांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा 14.5 टक्के होता. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून बाहेर पडणारा मिथेन हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. परंतु हा आकडा आपल्या गावांना जसाच्या तसा लावता येणार नाही. येथील गाय किंवा म्हैस पुष्कळ प्रमाणात कडबा, भुसा व बांधावरचे गवत खाते. माणसाला निरुपयोगी असलेल्या वस्तूचे ती अन्नात व खतात रूपांतर करते. भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांना दुधामुळे रोजचा रोख पैसा मिळतो. दुसऱ्या बाजूस, ओलिताच्या जमिनीवर चाऱ्याचे पीक घेऊन व खुराक विकत आणून चालणाऱ्या धंद्याचा पाण्यावरील भार मोठा असतो. शिवाय शेतीत यंत्रे आल्यापासून गोऱ्ह्यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. आहारबदलाचा प्रचार करताना या दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडणे इष्ट होय. दूध उत्पादकास दोषी ठरविल्याने काहीच साधणार नाही. कडधान्ये, तेलबिया व भरड धान्ये यांना योग्य भाव मिळाल्यास त्याच्यापुढे नवा मार्ग खुला होईल.

जनावरे कमी झाल्यास खताचे काय, अशीही शंका घेतली जाते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ‘नाडेप’ पद्धती या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. विटांच्या भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेल्या टाक्यात सुमारे 1,400 किलो पालापाचोळा, माती व पाणी यांना केवळ 100 किलोच्या आसपास शेणाची जोड दिली असता तीन ते चार महिन्यांत कंपोस्ट खत तयार होते. शेणाची गरज यामुळे संपत नसली, तरी ती पुष्कळच कमी होते.

घरातील इतर सवयी

आहार बदलला, पण जळण, पाणी आणि कचरा यांच्या सवयी तशाच राहिल्या, तर हेतू निम्माच साध्य होईल. कडधान्ये रात्रभर भिजवून झाकणाच्या भांड्यात शिजविल्यास इंधन वाचते. उकळी आलेले भांडे भुसा किंवा गवत भरलेल्या पेटीत झाकून ठेवले, तर भात व डाळ आतल्या उष्णतेवर शिजतात. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र तयार केले. त्यास 2006 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. भांडी घासल्याचे पाणी परसबागेस द्यावे आणि दारी शेवगा, कढीपत्ता, पपई, अळू व वेलभाज्या लावाव्यात.

राज्यात 2018 मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालण्यात आली. कापडी पिशवी आणि पळसाच्या पानांची पत्रावळ हे तिचे सहज उपलब्ध पर्याय आहेत.

पंचायत व शाळा यांचे कार्य

2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांपुढे कार्यक्रम ठेवला. आहाराचा विषय त्यास सहज जोडता येईल. ग्रामसभेत बियाण्यांची देवघेव घडवून आणावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा व भाज्यांचे गावरान वाण जतन केले आणि त्याबद्दल त्यांना पद्मश्री जाहीर झाली. औपचारिक शिक्षणावाचूनही हे कार्य होऊ शकते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत मुलांकडून हंगामी भाज्या लावून घ्याव्यात आणि घरी आठवडाभर काय शिजले याची नोंद ठेवावयास सांगावी. डाळ किती दिवस होती, हिरवी भाजी किती दिवस होती आणि अन्न किती वाया गेले, हे त्या नोंदीतून मुलांना स्वतःच उमगेल.

कुटुंबाने आरंभ करताना एकदम सर्व काही सोडण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातील एक दिवस पूर्णतः वनस्पतिजन्य ठेवावा आणि त्या दिवशी घरातील स्त्रीवर दुहेरी स्वयंपाकाचा भार पडणार नाही, याची काळजी सर्वांनी घ्यावी. त्यापुढे किती जावयाचे हे प्रत्येक घराने आपली प्रकृती, उत्पन्न व श्रद्धा पाहून ठरवावे. ताटात पुरेशी डाळ, दारात भाजी आणि उकिरड्याच्या जागी खताचा खड्डा, एवढे साधले तरी त्या कुटुंबाचे आरोग्य व गावाची जमीन या दोहोंचाही लाभ होईल.