कागदाच्या पलीकडचा माणूस
(कचेरीतील कामाविषयी एक पाठ)

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज टेबलाशी बसून काम करतात. कोणी तहसील कचेरीत लिपिक आहे, कोणी जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत, कोणी बँकेत वा विमा कार्यालयात, तर कोणी पुण्या-मुंबईच्या खाजगी कंपनीत दिवसभर संगणकावर तक्ते भरीत असतो. ज्यांचे आजोबा गावकीची कामे करीत आणि ज्यांची आई परक्याच्या शेतात खुरपणीला जाई, त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळाली याचा आनंद त्यांच्या घराला आहे, तसाच आम्हांलाही आहे. परंतु नोकरीत दहा-पंधरा वर्षे काढलेली ही मंडळी शाळेत भेटीस आली की बोलण्याच्या ओघात एक खंत हमखास व्यक्त करतात. पगार वेळेवर होतो. पण दिवसभरात नेमके काय निर्माण केले, हे संध्याकाळी सांगता येत नाही.

शेतकऱ्याला पीक दिसते, गवंड्याला भिंत दिसते. कारकुनाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच गठ्ठा दिसतो. ही खंत आळसातून आलेली नाही. कामचुकार माणसाला असा प्रश्न पडतच नाही. तो प्रामाणिक माणसालाच पडतो. म्हणून त्याची बोळवण 'नोकरी आहे ना, मग झाले' अशा उत्तराने करू नये, असे आम्हांस वाटते. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही या प्रश्नाचा थोडा अभ्यास येथे मांडीत आहोत.

१. 'अनुत्पादक' हा शिक्का

कामाची उत्पादक आणि अनुत्पादक अशी विभागणी अर्थशास्त्रात जुनी आहे. ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली. ज्या श्रमातून विकता येईल अशी टिकाऊ वस्तू उरते तो श्रम उत्पादक. जो श्रम केल्याक्षणी संपून जातो तो अनुत्पादक. या दुसऱ्या वर्गात त्याने घरगड्याबरोबर राजा, न्यायाधीश, सैनिक, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, विद्वान आणि गायक-नट यांनाही बसविले. म्हणजे आम्ही शिक्षकही त्याच पंगतीतले! अनुत्पादक म्हणजे निरुपयोगी असे मात्र स्मिथचे म्हणणे नव्हते. त्या श्रमातून वस्तू शिल्लक राहत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. हा भेद आपण विसरलो, की टेबलावरचे सगळेच काम फुकटचे वाटू लागते.

दुसरीकडे, कचेरीतील काही काम खरोखरच फुकटचे असते, हेही नाकारता येणार नाही. नौदलाच्या इतिहासाचे ब्रिटिश अभ्यासक पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहिलेल्या एका उपरोधिक निबंधात दाखवून दिले की, १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटनच्या आरमारातील मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या. पण आरमार खात्याच्या मुख्य कार्यालयातील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. नौका घटल्या आणि कागद वाढले. हाताशी जितका वेळ असेल तितके काम आपोआप फुगते, हा त्यांचा निष्कर्ष कोणत्याही कचेरीत बसलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल.

तेव्हा 'कचेरीतील काम सारे पवित्र' आणि 'कचेरीतील काम सारे व्यर्थ' ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. आपल्यापुढच्या कामात सार्थ काय आणि व्यर्थ काय, याची निवड ज्याची त्याला करावी लागते.

२. लेखणी कोणाच्या हाती?

ही निवड करण्यापूर्वी आपल्या समाजाचा कागदाशी आलेला संबंध ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याकडे असे. महार वतनदाराकडे निरोप पोहोचविणे, सरकारी वसुलाच्या रकमेबरोबर जाणे, शिवेच्या वादात साक्ष देणे ही कामे असत. कागद वाहून नेणारा आपला आणि कागद लिहिणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. जोतीराव फुले यांनी 'ब्राह्मणाचे कसब' (१८६९) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथांत हेच दुखणे उघड केले. ज्याला वाचता येत नाही त्याची फसवणूक लेखणीच्या एका फटकाऱ्याने होते, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रात कारकुनाच्या सचोटीचा प्रश्न हा असा दीडशे वर्षांचा जुना आणि रोजच्या भाकरीशी जोडलेला प्रश्न आहे.

१९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर तेथील शिपाई कागद लांबूनच टाकीत, हे त्यांच्या चरित्रांतून आपण वाचले आहे. पुढे १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९४३ साली, ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, नेमके सांगायचे तर ८ १/३ टक्के, जागा राखीव झाल्या. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. आज आपला विद्यार्थी ज्या खुर्चीत बसतो तिच्यामागे एवढा प्रवास आहे. त्यामुळे ती खुर्ची केवळ पगाराची जागा राहत नाही. तिच्यावर बसून आपण काय करतो, याला अर्थ येतो.

३. कामाचे तीन प्रकार

कचेरीतील कामाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार, ज्याचे फळ उशिरा दिसते ते काम. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दी, हिशेब आणि पत्रे यांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्या रोजकीर्दी लिहिणाऱ्या कारकुनांना आपण इतिहास लिहीत आहोत असे कधी वाटले नसेल. किती तेल आले आणि किती दाणा खर्च झाला, एवढेच ते नोंदवीत होते. आज आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांचे सारे भांडवल तेच आहे.

याहून जवळचे उदाहरण शाळेच्या जनरल रजिस्टरचे. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. अशा वेळी पणजोबांचे नाव शाळेत घालताना कोण्या अनाम मास्तराने वा कारकुनाने जातीच्या रकान्यात शाईने लिहिलेला एक शब्द चौथ्या पिढीतील मुलीचा वैद्यकीय प्रवेश तारून नेतो. तो शब्द लिहिताना कंटाळा करून रकाना कोरा सोडला असता तर? धम्मदीक्षेनंतर या रकान्याला आणखी महत्त्व आले. महाराष्ट्र शासनाने १९६० साली बौद्धांना सवलती लागू केल्या, पण केंद्रात त्या मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या तीन दशकांत दाखल्यावर काय लिहिले गेले आणि कसे लिहिले गेले, यावर कित्येकांचे भवितव्य ठरले.

दुसरा प्रकार, काही वाईट न घडणे हेच ज्याचे फळ आहे ते काम. रोख वही आणि बँकेचा हिशेब जुळविणे, हजेरीपटावरील बोगस नावे शोधणे, मतदार यादीतील दुबार नोंदी काढणे, देयकातील बेरीज पुन्हा तपासणे, ही कामे या प्रकारात येतात. ज्या वर्षी अपहार झाला नाही त्या वर्षाची बातमी छापून येत नाही. म्हणून हे काम करणाऱ्याला शाबासकी मिळत नाही आणि हळूहळू त्याचे त्यालाही ते व्यर्थ वाटू लागते. तथागतांनी सम्यक व्यायामाचे चार भाग सांगितले; त्यांतला पहिलाच भाग, न उपजलेले अकुशल उपजू न देणे, हा आहे. अनर्थ टाळणे हाही प्रयत्नच आहे, आणि त्याची गणना आधी केली आहे.

तिसरा प्रकार मात्र खरोखरीच्या निष्फळ कामाचा. तीच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत तीन कार्यालयांना पाठविणे. ज्या योजनेची मुदत केव्हाच संपली तिचे मासिक विवरणपत्र 'निरंक' म्हणून दरमहा धाडीत राहणे. एका टेबलाने 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' म्हणून ढकललेला कागद दुसऱ्या टेबलाने 'अवलोकनार्थ सादर' म्हणून परत वर ढकलणे. येथे फळ उशिराही येत नाही आणि अनर्थही टळत नाही.

हे तीन प्रकार ओळखण्याची एक साधी रीत आहे. हातातला कागद पुढे कोठे जातो याचा माग काढावा. तो शेवटी कोणाच्या हाती पडतो, त्यावरून कोण काय ठरवितो, आणि तो गेलाच नाही तर कोणाचे काय अडते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर कामाला अर्थ आहे. आमचा अनुभव असा की, कित्येकांनी वर्षानुवर्षे भरलेल्या तक्त्याचा असा माग एकदाही काढलेला नसतो. आणि काढला की निम्मी कामे पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

४. निष्फळ कामात सचोटी कशी राखावी?

उरलेल्या निष्फळ कामाचे काय करावे? त्याला उसने मोठेपण देऊ नये. 'निरंक' लिहायचे ते अचूक लिहावे, वेळेत पाठवावे आणि हातावेगळे करावे. तक्ता रिकामा दिसतो म्हणून त्यात खोटे आकडे भरू नयेत. न झालेली भेट आणि न घेतलेली बैठक कागदावर दाखवू नये. रिकामेपणा झाकण्यासाठी केलेले असत्य हे रिकामेपणाहून वाईट आहे. त्यानंतर रीतसर टिपणी ठेवावी की, सदर विवरणपत्राचा उपयोग दिसून येत नाही, ते बंद करावे किंवा अमुक विवरणपत्रात समाविष्ट करावे. ती मान्य होईलच असे नाही. पण संचिकेत एक खरी गोष्ट लिहिली गेली, एवढे तरी होईल, आणि पुढे येणाऱ्याला तिचा आधार मिळेल.

उगाच उशिरापर्यंत बसून राहणे म्हणजे निष्ठा, असेही आम्ही मानीत नाही. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक मजूर खात्याचे मंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच मांडले होते. वेळेत काम आणि वेळेवर घर, ही मागणी आपल्या चळवळीची आहे. वाचलेल्या वेळात अडकलेली एखादी संचिका पुढे जावी, हे अधिक मोलाचे.

५. खरा धोका

निष्फळ कामाचा सर्वांत मोठा धोका कंटाळ्याचा नाही. ज्याला स्वतःच्या कामात अर्थ सापडत नाही, तो पुष्कळदा समोरच्या माणसाला ताटकळत ठेवण्यात अर्थ शोधू लागतो. 'उद्या या', 'साहेब नाहीत', 'आणखी एक झेरॉक्स लागेल' अशी वाक्ये बोलताना त्याला आपण कोणीतरी आहोत असे वाटते. टेबलावर शून्य झालेला माणूस समोरच्याला शून्य करू पाहतो. फुल्यांनी रंगविलेला कारकून तो हाच. आपल्यातलाच कोणी त्या खुर्चीत बसून असे वागू लागला, तर खुर्चीवरचा माणूस बदलला, कचेरी मात्र आहे तशीच राहिली, असे म्हणावे लागेल.

दाखल्यासाठी तालुक्याला आलेली शेतमजूर बाई त्या दिवसाची मजुरी बुडवून आणि एस.टी.चे भाडे खर्चून आलेली असते. तिच्या अर्जातील चार त्रुटी एकाच पत्रात कळविता येत असताना चार खेपांत एकेक करून कळविल्या, तर तिची तीन दिवसांची मजुरी आपण घेतली. ती आपल्या खिशात पडली नाही एवढेच. न दिलेले न घेण्याचे शील आपण रोज उच्चारतो. ते कचेरीच्या खिडकीपाशी असे तपासून पाहावे. कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्राच्या २००५ सालच्या, लोक ज्याला 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात त्या अधिनियमानुसार सर्वसाधारण संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये. २०१५ सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे.

सर्व त्रुटी एका पत्रात कळविणे, अर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहिणे, नाव आणि तारीख पुन्हा एकदा ताडून पाहणे, पोहोच मागण्यापूर्वी देणे: या गोष्टींना वेगळा निधी लागत नाही, वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. सम्यक आजीविका म्हणजे केवळ कोणता धंदा करू नये याची यादी नव्हे. हाती आलेला धंदा कसा करावा, हेही तीत येते. कागदाच्या पलीकडे एक माणूस आहे, तो बहुधा आपल्या आईसारखा दिसणारा आहे, आणि त्याचे काम आपल्या टेबलापाशी अडून राहू नये: कचेरीतील प्रामाणिक श्रमाची याहून मोठी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात आपल्या हातून गेलेल्या पाच कागदांचा माग काढा. ते वरील तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतात?

२. आपल्या कार्यालयातील कोणते विवरणपत्र बंद करता येईल? त्यासाठीची टिपणी दहा ओळींत लिहून पाहा.

३. आपल्या कुटुंबाच्या आयुष्यात एखाद्या जुन्या नोंदीमुळे काय घडले वा बिघडले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

४. पालकांनी मुलांशी बोलावे: आपल्याला कचेरीत कोणी चांगले वागविले, आणि त्याने नेमके काय केले?