शाळेचे मैदान आणि मंडळाचा आखाडा

परदेशी शिकावयास गेलेला खेळाडू दोन क्रीडापद्धतींची जी तुलना करतो, ती पुस्तकी नसते. जर्मन विद्यार्थ्यास अमेरिकन विद्यापीठात नवल वाटते ते तेथील भव्य मैदानांचे, खेळासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे आणि अभ्यासात मागे पडल्यास संघातून वगळण्याच्या नियमाचे. त्याच्या देशात खेळाचा मुख्य भार शाळेवर नसतो. गावच्या क्रीडा मंडळाची वर्गणी भरावी व सायंकाळी तेथे जावे, अशी रीत आहे. उलट, जर्मनीत गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यास एकाच मंडळात शाळकरी मुले आणि पन्नाशीचे गृहस्थ खेळताना दिसतात. त्याच्या देशात पदवी हाती आली, की बहुतेकांचा संघ सुटतो.

आपल्याकडे या दोन्ही वाटा एकत्र आल्याचे ठळक उदाहरण खाशाबा जाधव यांचे होय. कुस्ती तालमीच्या मातीतली, शिक्षण कराडचे टिळक हायस्कूल व कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय येथील. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये, गादीवरील कुस्तीचा सराव नसताना, ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या वर्षीचे कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तालमीने मल्ल घडविला, महाविद्यालयाने त्यास जगापुढे नेले.

वर्ध्याशेजारी अमरावतीस क्रम उलटा आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. पुढे याच मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालविले. येथे आखाड्यातून शाळा निघाली.

वर्धा जिल्ह्याच्या खेड्यांतून प्रश्न दहावीनंतरचा आहे. शालेय स्पर्धांत खो-खो गाजविणारी मुलगी शाळा सुटताच मैदानालाही मुकते. मुलांना निदान गावचे कबड्डी मंडळ असते. मुलींना तेही क्वचितच. शाळेचे मैदान मात्र सायंकाळी रिकामेच असते. ते मंडळास वापरू द्यावयाचे, तर मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून काही साध्या बाबी आधी लेखी ठरवाव्यात: फाटकाची किल्ली कोणाकडे, दिव्याचे बिल कोणी भरावयाचे, मोडतोडीस जबाबदार कोण, आणि मुलींच्या सरावाच्या वेळी कोणती शिक्षिका अथवा जाणती महिला मैदानावर हजर राहील.