डॉ. हाफकिन आणि उंडेरा गावची मोजणी

प्लेग आला की घरदार सोडून माळावर झोपड्या बांधावयाच्या, ही हकीकत बडोद्यातील अनेक घरांत आजी-पणजींच्या तोंडून ऐकावयास मिळे. परंतु त्याच दिवसांत येथून जवळच असलेल्या उंडेरा गावी जे घडले, त्याची माहिती फारच थोड्यांना आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी यहुदी कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम काम मिळाले ते ग्रंथालयात. तेथेच त्यांनी पटकीवरील लस तयार केली व १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईस प्लेग सुरू होताच ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी नवे काम आरंभिले. बकऱ्याच्या मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू झुंबराप्रमाणे लोंबत वाढत. पुढे उष्णतेने ते मारले की लस तयार. गाईच्या वा डुकराच्या मांसाचा रस वापरला असता, तर आपल्या लोकांनी ती टोचून घेतली असती काय? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

पण लस खरोखर गुणकारी आहे, हे ठरवावयाचे कसे? टोचून घेणारे बहुधा सुशिक्षित, सुखवस्तू. ते वाचले तर श्रेय लसीचे की हवेशीर घराचे? १८९८ च्या फेब्रुवारीत उंडेऱ्यात साथ चालू असता प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचण्यात आली. घर तेच, अन्न तेच, आणि आज आपण जाणतो त्याप्रमाणे उंदीर व पिसवाही त्याच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत न टोचलेले ६४ जण होते. त्यांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. हे आकडे वाचताना लसीचा विजय दिसतो खरा, पण ते २६ जण काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

एवढा पुरावा असूनही एका बाटलीने सारे बिघडले. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काही झाले नाही. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे साक्षीत निघाले. तरी सरकारी चौकशीने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकिन यांस कामावरून दूर केले. १९०७ साली रोनाल्ड रॉसप्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाही. नेमणूक झाली ती कलकत्त्यास.

१९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते. १९३० साली स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते निवर्तले.