रेकॉर्डरचा खरा भाव : एक घरगुती गणित



मागच्या पालक-सभेत एका विद्यार्थ्याच्या आईने विचारले, "सर, संध्याकाळी आजीची मालिका आणि मुलाचा अभ्यास एकाच वेळी. केबलबरोबर रेकॉर्डर घेतला तर रोजची कटकट मिटेल का?" प्रश्न मोलाचा आहे, म्हणून आज त्याचाच पाठ.

रेकॉर्डर म्हणजे सेट-टॉप बॉक्समधली किंवा त्याला यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क. कार्यक्रम तिच्यात साठतो आणि आपण तो सवडीने पाहतो. अमेरिकेत अशी यंत्रे १९९९ साली बाजारात आली.

डिस्कवर किती मावते? साध्या चित्राला सेकंदाला ३ मेगाबिट धरा. तासाचे सेकंद ३,६००, म्हणून १०,८०० मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १,३५० मेगाबाइट. या हिशोबाने ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारे ३७० तास मावतात. एचडी चित्राला ८ मेगाबिट धरले, तर सुमारे १३९ तासच.

आता पैसे. समजा, यंत्राचे ३,००० रुपये आणि दरमहा जादा ५० रुपये. तीन वर्षांचे झाले ४,८०० रुपये. घरात आठवड्याला ४ तास रेकॉर्डिंग पाहिले, तर १५६ आठवड्यांत ६२४ तास. तासाला पावणेआठ रुपयांच्या आत. आठवड्याला अर्धाच तास पाहिले, तर ७८ तास. तासाला साडेएकसष्ट रुपये! यंत्र तेच, भाव आठपट. लक्षात ठेवा, भागाकार पाहिलेल्या तासांनी करायचा, साठवलेल्या नव्हे.

फायदाही मोजू. केबलच्या नियमांत तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरातींची मुभा आहे. त्या पुढे ढकलल्या, तर ४ तासांमागे ४८ मिनिटे वाचू शकतात, म्हणजे शाळेचा एक तास. मात्र रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बदलला की साठा गेला. हे आधी केबलवाल्याला विचारून घ्यावे.

शिवाय पुष्कळ मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. २०१७ साली सुरू झालेल्या स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्यांची तर आखणीच अशी की, रोज किमान ४ तासांचा नवा पाठ आणि तोच दिवसात आणखी ५ वेळा. तिथे रेकॉर्डरची गरज क्वचितच.

त्या ताईंना माझे उत्तर असे : आजीची मालिका पुन्हा लागत असेल, तर ती वेळ आजींना विचारून ठरवा, खर्च शून्य. लागत नसेल आणि आठवड्याचे ४ तास खरोखर पाहणे होत असेल, तर रेकॉर्डर महाग नाही. पण तो मालिका थांबवून ठेवतो, मुलाला पुस्तकापाशी बसवत नाही. ते काम घरातल्या मोठ्यांचेच.

गृहपाठ : दोन आठवडे वहीत लिहा. कोणता कार्यक्रम चुकला, तो पुन्हा लागला का, खरोखर पाहायचा होता का? मग केबलवाल्याकडून भाव विचारा आणि भागाकार करून आई-बाबांना दाखवा.